शेवटच्या तीन कॅसेट

सासूबाईंच्या शेवटच्या तीन कॅसेट पुन्हा काढायच्या म्हणून पुण्याचा एक माणूस कुरुळीत आमच्या घरी आला. तमाशाचा फड मोडल्यावर, चाकणच्या बाजारात कांदा निवडायच्या दिवसांत त्यांनी त्या गायल्या होत्या. तेव्हा कुणी फारशा ऐकल्याच नाहीत.

तो सासूबाईंना म्हणाला, “रतनबाई, यात आवाज घोगरा झालाय. कॉम्प्युटरवर तरुण करून देतो.”

“मग नगं काढू.”

अशी संधी पुन्हा कुठली यायला? मांडीवरच्या लेकीला थोपटत मी हळूच म्हटलं, “आई, लोकांना गोड आवाज आवडतो.”

“गोड होता तवा फडाचा मालक सांगंल ते गायले, पोरी. घोगरा झाला तवा माझं मी गायले.”

त्या माणसानं आणलेल्या करारातली आवाज सुधारायची अट मी खोडली आणि मगच आईंच्या हातात पेन दिलं.