एल्मीचं येणं

"तू माझ्या वतीनं उत्तर का दिलंस?" आर्वोनं विचारलं.

घरामागच्या लाकडी सौनामध्ये, वाफेनं अंग शेकायच्या खोलीत, बापलेक वरच्या फळीवर उघडेच बसले होते. लाइलनं तापलेल्या दगडांवर डावभर पाणी टाकलं. फस्सकन वाफ उठली आणि म्हाताऱ्याचा चेहरा क्षणभर दिसेनासा झाला.

"कुठलं उत्तर, बाबा?"

"दवाखान्यातलं."

दुपारी डॉक्टरबाईंनी सगळं उलगडून सांगितलं होतं. प्रोस्टेटचा कॅन्सर. बाहेर पसरलेला नाही, पण नुसतं लक्ष ठेवून बसण्यासारखाही नाही. ब्याऐंशीव्या वर्षी ऑपरेशन नको. काही आठवडे रेडिएशन, आणि जोडीला सहा महिने हार्मोनची इंजेक्शनं. त्यानं ताकद कमी होईल, मध्येच घाम फुटेल. "आणि इच्छा राहत नाही," त्या आर्वोकडे बघून म्हणाल्या होत्या, "शरीरसुखाची. तुमच्या दृष्टीनं ते कितपत महत्त्वाचं आहे?"

आर्वोनं घसा खाकरेपर्यंत लाइल बोलून मोकळा झाला होता. "त्याचा आता प्रश्नच नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली."

"तुम्हाला अवघड वाटू नये म्हणून बोललो," लाइल आता म्हणाला.

"अवघड तुला वाटलं. कान बघायचे होतेस स्वतःचे. लालबुंद."

लाइलला हसू आलं. म्हातारा मान पुसत शेगडीकडे बघत राहिला.

"ही सौना मी आणि तुझ्या आईनं बांधली. तुझा जन्म व्हायचा होता. एल्मी छपरावर चढून खिळे ठोकायची आणि मी खालून ओरडायचो, उतर बाई, उतर. पहिल्यांदा तापवली त्या संध्याकाळी इथून उठून तसेच उघडे सुपीरियर सरोवराकडे धावलो. काठावर आपले पाद्री गळ टाकून बसलेले! ते टोपी काढून म्हणाले, 'शुभ संध्याकाळ, मिसेस कांगस.' ही उभी राहून त्यांना विचारते, मासे लागले का?"

"आणि तुम्ही?"

"मी झुडपात."

दोघंही खूप हसले. मग आर्वो खालच्या आवाजात म्हणाला, "ती येते."

"कोण?"

"तुझी आई. स्वप्नात. रोज नाही, पण येते. आणि..." तो थांबला. "आणि गप्पा मारायला येत नाही."

लाइलनं दगडांवर आणखी पाणी टाकलं. गरज नव्हती.

"ते इंजेक्शन घेतलं तर ती यायची थांबेल का? एवढं विचार त्या बाईंना. मला फोनवर नीट ऐकू येत नाही."

सकाळी लाइल फोन घेऊन ओसरीत गेला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून बापाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

"स्वप्नांचं मी सांगू शकत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थांबतीलही. आणि औषध बंद केल्यावर सगळं पूर्ववत होईलच, याची या वयात खात्री नाही. नुसतं रेडिएशन देता येईल. मात्र आजार उलटायची शक्यता थोडी वाढेल."

स्वयंपाकघरात आर्वो वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत बसला होता. लाइलनं त्याला एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं.

"वाढू दे," आर्वो म्हणाला. "रेडिएशन घेतो. इंजेक्शन नको. कधीपासून यायचं, तेवढं विचारून ठेव."

"बाबा, पुन्हा एकदा विचार करा."

"केला."

लाइलनं स्वतःसाठी कॉफी ओतली आणि समोर बसला. आईबद्दल बापाला असं काही त्यानं आजवर विचारलं नव्हतं.

"कशी दिसते आई?"

"तिशीची. केस मोकळे."

"आणि तुम्ही?"

"मी असाच. ब्याऐंशीचा." आर्वोनं पावाचा भिजलेला तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "पण ती काही म्हणत नाही."