हलला तो हरला

“तू पाण्यात बगळ्यावानी हुबा ऱ्हायचं. मी ह्या धोंड्यावर बसनार. दोगांची तोंडं नदीकडं. जो आदी हलंल त्यानं बाजारादिवशी अर्दी मिशी काडून कुंभाराच्या गाडवावर उलटं बसायचं. बोल, हाय कबूल?”

ज्ञानबा भोयानं पैज टाकली आणि भोईआळीतली चार टाळकी खिदळली. येडू तेवढा हसला नाही. त्याचा जीव खोपटात अडकला होता. आत त्याची बायको वच्छला पहाटेपासून अडली होती. दोन वर्षांमागं शिमग्यात पहिलं पोर झालं ते रडलंच नाही. तसंच फडक्यात गुंडाळून येडूनं ते मातीला दिलं होतं. आता ह्या खेपेला तो फक्त रडण्याची वाट बघत होता.

वाट बघणं म्हणजे काय, तर घाण्याच्या बैलागत फिरणं. खोपटापासून लिंबापर्यंत, लिंबापासून खोपटापर्यंत. दाराशी आला की सुईण बजाबाईला हाक मारायची, झालं का म्हणून. अकरा वेळा विचारून झालं. बाराव्या खेपेला तो दारातून आत घुसला आणि चुलीपाशी उतरून ठेवलेलं कढत पाण्याचं मडकं त्याच्या लाथेनं उडालं. बजाबाई फुंकणी घेऊनच बाहेर आली.

“ह्याला कुटंतरी नेऊन बांदा,” ती म्हणाली. “न्हायतर मी चालले.”

तेव्हा ज्ञानबा पुढं झाला. गावातला एक नंबरचा चावट माणूस. पन्नाशी उलटली तरी कुणाच्या पटक्याला घंटी बांध, कुणाच्या पाटीत जिता बेडूक सोड, असले धंदे. त्यानं येडूला चारचौघांत डिवचलं, की तुझ्या पायाला भिंगरी, तुझी चाहूल लागली की मासे रेल्वेच्या पुलापर्यंत पळतात, तू कसला भोई. आळीतल्यांनी येडूला परोपरीनं सांगितलं, बाबा, ह्याच्याशी बसण्याची पैज लावू नको. ज्ञानबा गळ टाकून बसला की दिवस मावळेतो पापणी हलवत नाही. एकदा तर खरा बगळा येऊन त्याच्या पटक्यावर बसला होता.

त्याचं हे बसणं जुनं. वीस वर्षांमागं त्याची सोनाबाई अशीच अडली होती. ना पोर रडलं, ना सोनाबाई उठली. त्यानं दुसरं लगीन केलं नाही. खोड्या करायचा आणि उरलेला वेळ नदीवर बसायचा.

पण येडूला मिरची झोंबली होती. “कबूल,” म्हणाला आणि सरळ पाण्यात शिरला.

चैताची भीमा. धार आटलेली, जागोजाग नुसते डोह. येडू गुडघाभर पाण्यात उभा. पाठीमागं चढावर खोपट. तिथून वच्छलाची किंकाळी आली की त्याच्या पाठीवर चाबूक ओढल्यासारखं व्हायचं. नाकावर माशी बसली. पोटऱ्यांना बारकी मासळी टोचायला लागली. तो हलला नाही. म्हणजे चिखलातली पायाची बोटं वळवळत होती, पण पाण्याखालचं कुणाला दिसतंय?

सूर्य डोक्यावर आला. पुलावरून दुपारची गाडी धडधडत गेली. तेवढ्यात ज्ञानबाच्या गळाला मासा लागला. चांगला दांडगा, मरळच असणार. पायापाशी ठेवलेली गळाची काठी सरसर ओढत पाण्यात गेली. ज्ञानबानं हात लांब केला असता तर सापडली असती. त्यानं केला नाही. काठी तरंगत येडूच्या गुडघ्याला घासून पुढं गेली.

मग किंकाळ्या थांबल्या.

येडूचा उजवा पाय चिखलातून सुटून वर यायला लागला.

“पाय खाली,” पाठीमागून ज्ञानबा हळूच म्हणाला.

“तात्या, आवाज बंद झाला.”

“ऐकतोय मी. पाय खाली.”

येडूनं पाय टेकवला. सोलापूरच्या सिद्धेश्वराला नारळ बोलला. मग दुसरा बोलला. तिसऱ्याला त्याला देवाचं नावच आठवेना.

आणि खोपटातून बारीक, करडासारखा आवाज आला. एकदा. मग पुन्हा, चांगला ताणून.

एवढा सकाळपासून पळायला टपलेला येडू, तो जागचा हलेना. आपण ऐकलं ते खरं का नदीचं, हेच त्याला उमजेना. पाठीमागं दगड घरंगळले. त्यानं मान वळवली. धोंडा रिकामा होता.

ज्ञानबा चढ चढून पळत होता. एक पायताण धोंड्यापाशीच राहिलेलं, पटका सुटून मागं फरफटतोय. बजाबाईनं दारात येऊन पहिल्यांदा त्यालाच सांगितलं, पोरगी झाली, बाळ-बाळंतीण दोघी धडधाकट. बापाला नदीतून हाका मारून बाहेर काढावं लागलं.

बाजाराच्या दिवशी न्हाव्यानं ज्ञानबाची डावी मिशी उतरवली. कुंभाराचं गाढव आलं. ज्ञानबा शेपटीकडं तोंड करून असा बसला, की जणू नवरदेवच. भाजीवाल्या बायकांना रामराम करीत, शिव्या खात, दुप्पट परत देत वरात निघाली. गाढवाची दोरी येडूच्या हातात होती. ज्ञानबा हरला कसा, हेच सगळा बाजार विचारत होता. बगळा डोक्यावर बसवून घेणारा माणूस कालच्या पोरापुढं हलला कसा.

चावडीपाशी गर्दी जरा पांगली. येडू मागं सरकून त्याच्याजवळ आला.

“तात्या, आनिक घटकाभर गेली असती तर मीच हललो असतो. तुमी आदी कसं हललासा?”

ज्ञानबानं उघड्या पडलेल्या अर्ध्या ओठावरून बोट फिरवलं.

“तू तर सकाळपास्नं हुबा हुतास, लेका,” तो म्हणाला. “मी त्ये रडं ऐकाया वीस वरसं बसलो हुतो.”