आमचा चिखल

"थांबव ते!" धाकूबाई गाळ उपसणाऱ्या यंत्रवाल्यावर ओरडली आणि इंजिनीयर मॅडमनी दिलेले गमबूट काढून काठावर उपसलेल्या ताज्या गाळात उतरली.

याच नदीच्या चिखलात तिने सासूसोबत कालवणासाठी शिवल्या, शिंपल्यातले ते जीव, वेचल्या होत्या. मग रंगाचे कारखाने आले आणि चाळीस वर्षं एक शिंपला दिसला नाही. आता नदी साफ करायला आलेल्या मॅडमनी विषारी गाळ कुठे संपतो ते ओळखायला तिलाच मुद्दाम बोलावलं होतं.

आठ दिवस ती अशीच अनवाणी गाळ तपासत होती आणि तो पायांना नुसता झोंबत होता. आज बोटांच्या फटीतून मऊ, गार चिखल वर आला, आणि त्यात जुने, रिकामे पांढरे शिंपले.

"हा आमचा चिखल, बाय! घाण संपली." तिचे डोळे भरून आले. "आता शिवल्या कधी येतील गं?"

"शिवल्या कशा येतील, आजी? उद्यापासून इथे काँक्रीटचा तळ घालतोय. पुन्हा गाळ काढायची कटकटच नको," म्हणत मॅडमनी वहीत खूण केली.

धाकूबाईने चिखलातला एक शिंपला उचलून मुठीत धरला.

"मग ते विष बरं होतं," ती म्हणाली. "त्यानं आमचा चिखल नुसता झाकला होता."