पांढऱ्या वालाचं बी

तवा तापला आणि मनकर्णाबाईंनी मूठ उघडली. पांढऱ्या वालाच्या बिया तव्यावर टपटपल्या. त्यांना लाल होऊ द्यायचं नव्हतं. वरून जशाच्या तशा दिसाव्यात आणि आतला कोंब तेवढा मरावा, इतकीच आच हवी होती.

"काकू, चहा नका मांडू माह्यासाठी," ओसरीवरून दिव्यानी म्हणाली. "बी देल्लं का मी चालली."

"चहा नाई मांडला बाई. बस तू."

दिव्यानी कुंपणापलीकडच्या वच्छलाबाईची मुलगी. नोकरीच्या गावाहून चार दिवस घरी आली होती. तिला पाठवण्यामागे कुणाचं डोकं आहे, हे मनकर्णाबाईंनी ती फाटकात शिरतानाच ओळखलं. तीन वर्षं या दोन घरांत शब्दाची देवाणघेवाण नव्हती. बोलणं चालायचं, पण वच्छलाबाई आपल्या कोंबडीशी बोलायची आणि मनकर्णाबाई तुळशीशी.

आताही पलीकडून आवाज आलाच. "काऊन व चंपे, तिकडं काऊन पाह्यतं? पोटच्या पोरीले जिनं दार लावलं, थे दुसऱ्याले काय दाणे टाकीन?"

मनकर्णाबाईंनी उलथन्यानं बिया हलवल्या.

त्यांच्या एकुलत्या एक रोशनीनं पोचू नावाच्या मुलाशी लग्न केलं, ते जातीबाहेरचं आणि कागदावरचं. त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही वच्छलाबाईची. त्या दिवशी मनकर्णाबाईंनी मेल्याचं पाणी घ्यावं तसं डोक्यावरून पाणी घेतलं. मुलगी कुठं आहे, कशी आहे, नंतर कधी विचारलं नाही. फोन आला तेव्हा नंबर बदलून घेतला.

बाकी त्यांच्यासारखी परसबाग सावली तालुक्यात शोधून सापडली नसती. एक पैसा न घालता पिकायची. तांदळाचं धुवण मिरचीला, चुलीची राख वांग्यावरच्या माव्याला, फुटक्या मडक्याला भोक पाडून कारल्याला थेंब थेंब पाणी. मांडवाला तुराट्या आणि बांधायला जुन्या लुगड्याच्या चिंध्या. बी सगळं वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात, राख आणि कडुनिंबाच्या पाल्यात घोळून, चुलीवर धुरात टांगलेलं. त्याला कधी कीड लागली नाही. रोहिणी नक्षत्र लागलं की बायका रांगेनं यायच्या. बी मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, असं त्यांचं देवीपुढे बोललेलं व्रत होतं. सासूच्या हातून तुंबा घेतला तेव्हापासूनचं. एकदाही मोडलं नव्हतं.

आजही मोडणार नव्हतं. द्यायचं, एवढंच व्रत होतं. उगवेल असं द्यायचं, असं काही देवीपुढे बोललेलं नव्हतं.

बिया निवल्यावर त्यांनी कागदात बांधल्या आणि ओसरीवर आल्या. आवाज नेहमीसारखा मऊ.

"रातभर ताकात भिजव बाई. सकारी राखेत घोळ. बोटाच्या दोन पेरांएवढं खोल लाव, जास्त नाई. अन् मांडव आधी घाल, वेल वर आल्यावर धावाधाव नको."

दिव्यानीनं सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं, दोन्ही हातांनी पुडी घेतली आणि मनकर्णाबाईंच्या पाया पडली. मनकर्णाबाईंनी पाय किंचित मागे घेतला. मनात म्हणाल्या, लाव म्हणावं तुझ्या आईला. पाणी घाल घाल घाल आणि बघत बस मातीकडे.

दुसऱ्या दिवशी पहाटे दिव्यानी पहिल्या गाडीनं गेली. मनकर्णाबाई धुवणाचं भांडं घेऊन परसात आल्या, तर वच्छलाबाई कुंपणाला टेकूनच उभी. आज ती कोंबडीशी बोलली नाही.

"मनकर्णा. तुह्याशी बोलून राह्यली, कोंबडीशी नाई."

मनकर्णाबाईंनी मिरचीला पाणी घातलं.

"नको पाहू इकडं. कान तं हायेत न? तुह्यं बी माह्या परसात नाई लागत. माह्या घरी वाल कोणी खातच नाई. गेलं थे अहेरीले. तुह्या रोशनीनं घर बांधलं तिथी."

भांडं मिरचीवरच थांबलं.

"नव्या घराच्या परसात पयला वेल मायच्या घरच्या बियाचा लागते. थो उगवला तं घर लाभलं म्हन्तेत. म्या म्हटलं तिले, माह्याकडचं ने काही. नाई म्हने, मावशी, मायच्याच हातचं पाह्यजे, पन माह्यं नाव नका सांगू, थे देनार नाई. आज दुपारी लावते. पोचूच्या घरच्या बायका बलावल्या पाह्याले, सुनेच्या मायनं बी देल्लं म्हनून." वच्छलाबाईनं पदर कमरेला खोचला. "तू कडी लाव नाई तं कुलूप ठोक. गेलं न तुह्यं बी पोरीच्या दारी? जिकली मी."

आणि ती वळली.

मनकर्णाबाईंच्या हातातलं भांडं रिकामं झालं होतं, मिरचीचं रोप पाण्यात बुडालं होतं. घरात तुंबाभर जिवंत बी होतं. पण दिव्यानीचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. पोटच्या पोरीचाही नव्हता.

"वच्छला."

तीन वर्षांत पहिल्यांदा हे नाव त्यांच्या तोंडून निघालं. वच्छलाबाई थांबली. हसू ओठांवर तसंच होतं.

"फोन लाव रोशनीले. पाया पडतो तुह्या, आत्ता लाव. तिले सांग, थे बी पेरू नको. तुह्या मायनं तव्यावर भाजून देल्लं."