वस्तादांची कंबर

"कंबर धरलीय, बाकी काय न्हाई," टेबलावर पालथे पडत वस्ताद म्हणाले. तालमीतल्या पैलवानांची अंगं रगडण्यात हयात गेलेला हा माणूस माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्ट बाईकडे कशाला आला असेल, याचंच मला कुतूहल होतं.

कंबरेत काहीच सापडेना. पण बाहेर बाकावर त्यांना एका अंगावर कलून बसलेलं मी पाहिलं होतं. हळूच विचारलं, "लघवीला त्रास होतो का, वस्ताद?"

उशीत तोंड खुपसून त्यांनी सांगितलं, "तुंबती. बसलं की खाली दुखतंय. रिपोर्ट समदे चांगले आलेत. आता कुस्त्या बघायला बी जात न्हाई मी."

त्यांना उताणं झोपवून मी ओटीपोटावर हलका दाब दिला. "इथं तळाशी झोळीसारखा स्नायू असतो. तुम्ही तो सतत आवळून धरताय. श्वास घ्या आणि सोडून द्या."

"तिथं बी स्नायू असतोय?" वस्ताद उठूनच बसले. स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "समदं अंग चाचपलंय ह्या हातांनी. ह्यो कसा राहिला? लंगोट कसला की पोरांस्नी वरडायचो, आवळून धर! सोड म्हणून कधी सांगितलंच न्हाई कुणाला."

पुढच्या खेपेला वस्ताद बाकावर ऐसपैस बसले होते. शेजारी तालमीतले चार जुने पैलवान, चौघंही एका अंगावर कललेले.

"काय होतंय?" मी विचारलं.

चौघं एका सुरात म्हणाले, "कंबर."