एकेरी

"क्रि-यां." फ्रेंचच्या वर्गात शैलजाने फळ्यावरच्या 'crient' या क्रियापदाचे, लिहिलं होतं तसे, दोन तुकडे पाडले.

"अगं, शेवट गिळायचा असतो! घरी कितीदा घोकून घेतलं!" शेजारी बसलेला नवरा खेकसला. कॅनडाला जायचं त्याने ठरवलं होतं. शिकत मात्र दोघं होती.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नुसतं 'क्री'. एकच तुकडा, जोर त्यावरच. 'तो ओरडतो' आणि 'ते ओरडतात', लिहायला वेगळं, ऐकायला एकच: 'इल क्री'. म्हणा बघू."

लग्न झाल्यापासून नवऱ्याचा उल्लेख शैलजाने 'हे', 'ते' असाच केला होता.

"इल क्री," ती त्याच्याकडे बघत म्हणाली.

"छान. यातला 'तो' की 'ते'?"

"तो," शैलजाने जोर देऊन सांगितलं.