जमीन जवळ आली की

दुसऱ्यांदाही रॅम्प पाण्यातच पडला. नौकेच्या तोंडाशी ट्रक घेऊन थांबलेल्या ड्रायव्हरने खाली डोकावून पाहिलं. "मॅडम, या ट्रकला पोहायला कुणी शिकवलेलं नाही."

तिला हसू आलं नाही. या नौकेचा सपाट तळ तिने आखला होता. भरल्या पोटी सरळ किनाऱ्यावर चढायचं, रॅम्प कोरड्या वाळूत टाकायचा, गाड्या उतरवायच्या आणि मागे सोडलेल्या नांगराच्या दोराने स्वतःला परत पाण्यात ओढून घ्यायचं, एवढंच नौकेचं काम. आता ओहोटी लागायच्या आत चाचणीची एकच फेरी शक्य होती. तीही फसली तर तपासणी अधिकारी शेरा मारणार, रॅम्प आखूड. नौका परत गोदीत, आणि खापर तिच्या डोक्यावर.

ती डेकवर येरझाऱ्या घालत राहिली. रॅम्प आखूड नव्हता. काहीतरी वेगळंच चुकत होतं. दोन्ही वेळा वाळू लागण्याआधीच पायाखालची इंजिनाची थरथर मंदावली होती आणि नौका अलीकडेच थांबली होती. ती तडक वर कप्तानाच्या केबिनमध्ये गेली.

"काका, तुम्ही ऐन वेळी वेग कमी करता."

"मी? मी कशाला करू?"

"तुम्ही नाही. तुमचा हात करतो."

कप्तानाने इंजिनाच्या दांड्यावरच्या आपल्या हाताकडे परक्यासारखं पाहिलं. "उभा जन्म जमीन चुकवण्यात गेला, पोरी. दुसरं जहाज असं जमिनीवर चढवलं असतं तर घरी बसवलं असतं मला."

"तळाला काही होणार नाही. मी हिशेब तीनदा केलाय. तुमचा हात मागे आला की मी धरते."

शेवटच्या फेरीला तिने त्याच्या हातावर आपला हात घट्ट ठेवला. किनारा मोठा होत गेला. वाळूवरचे बुटांचे ठसे दिसू लागले, मग शिंपले. केबिनच्या काचा खडखडत होत्या. आणि दांडा मागे सरकू लागला.

"काका, हात!"

"माझा पुढेच आहे," कप्तान म्हणाला. "तुझा आवर."

दुसऱ्या हाताने त्याने दोघांचेही हात पुढे रेटले. तळाखाली वाळू करकरली. ट्रकवाल्याने कोरड्यात उतरून हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे तिची बोटं सुटली.